दिसावं, पण दिसू नये

काचेच्या दुकानात सगळ्यात स्वस्त काच कुठली, तर जिच्यातून सगळं लख्ख दिसतं ती. तिच्यातून जरा कमी दिसू लागलं की भाव चढतो. पलीकडे माणूस आहे एवढं कळतं, पण कोण आहे ते कळत नाही, या पायरीवर तो आणखी चढतो. आणि जिच्यातून काहीच दिसत नाही, ती काच शेठ आतल्या खोलीतून दोन पोरांकरवी, हातमोजे घालायला लावून बाहेर आणवतात. हजारो वर्षं खपून माणसाने आरपार दिसणारा पदार्थ बनवला, आणि आता त्याची आरपारता घालवण्यासाठी आपण चौरस फुटामागे पैसे मोजतो आहोत.

यात काचेचा काही दोष नाही. घर सजवायला निघालेल्या मराठी कुटुंबाच्या काचेकडून तीन अपेक्षा असतात. उजेड आत यावा, पण शेजाऱ्यांची नजर येऊ नये. आपल्याला बाहेरचं दिसावं, पण आपण बाहेरच्यांना दिसू नये. आणि आपण घरात काय काय करून घेतलंय, ते मात्र आलेल्या प्रत्येकाला दिसावं. या तिन्ही मागण्या पुरवणारी एक काच अजून निघालेली नाही, म्हणून तर काचांचे इतके प्रकार निघाले.

सुरुवात साध्या काचेपासून करू, कारण पुढच्या बहुतेक काचा म्हणजे हिचंच काहीतरी करून ठेवलेलं असतं. वाळू, सोडा आणि चुनखडी वितळवली की काच होते. तिच्यात जवळजवळ तीन चतुर्थांश भाग वाळूचाच. पण ती दोन्ही बाजूंनी सपाट करायची म्हणजे पूर्वी घासून घासून जीव जायचा. इंग्लंडच्या अलेस्टर पिल्किंग्टन यांनी वितळलेली काच वितळलेल्या कथिलावर तरंगत सोडली, आणि ती आपसूक सपाट पसरली. 1952 मध्ये सुचलेली ही युक्ती 1959 मध्ये जगापुढे आली. भांडी विसळताना ती सुचली, अशी एक आख्यायिका सांगतात. आमच्या घरात ही आख्यायिका अधूनमधून मोठ्याने सांगितली जाते, आणि सांगताना नजर माझ्याकडे असते.

या साध्या काचेला कडेने पाहिलं तर ती हिरवट दिसते. वाळूत थोडं लोखंड असतं, त्याची ही करामत. ते लोखंड कमी केलेली काच ‘एक्स्ट्रा क्लिअर’ म्हणून मिळते आणि अर्थातच महाग असते. तिच्याच शेजारी ‘ग्रीन टिंटेड’ काच उभी असते. तिच्यात लोखंड मुद्दाम जास्त घातलेलं असतं, म्हणून तीही महाग. म्हणजे लोखंड काढलं तरी पैसे, घातलं तरी पैसे. आहे तसं राहू दिलं तर स्वस्त, पण तशी काच मागणाऱ्या गिऱ्हाइकाला शेठ चहा विचारत नाहीत.

दुकानातली मोजमापं हा वेगळाच अभ्यासक्रम. काचेची जाडी मिलिमीटरमध्ये, लांबी-रुंदी इंचात, भाव चौरस फुटावर आणि चुकलेली फट सुतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मेट्रिक पद्धत देशात कायद्याने आली तेव्हा काचवाले, सुतार आणि गवंडी बहुधा जेवायला गेले होते. वजनाबद्दल मात्र कुणी काही बोलत नाही. एक मिलिमीटर जाडीची एक चौरस मीटर काच अडीच किलो भरते. म्हणजे सहा फूट बाय साडेतीन फुटांच्या जेवणाच्या टेबलावर 12 मिलिमीटरची काच टाकली, की सुमारे 58 किलोंचा एक पाहुणा तिथे कायमचा आडवा झाला. तो टेबल सरकवू देत नाही, उचलू देत नाही, आणि त्याच्यावर वाटी जरा जोरात ठेवली तर घरातले सगळे एकदम श्वास रोखतात.

आता अर्धवट दिसणाऱ्या काचा. यात पहिला मान बाथरूमच्या दुधी काचेचा. तिला आता ‘फ्रॉस्टेड’ म्हणतात. ती दोन तऱ्हांनी होते. एक तर काचेवर बारीक दाण्यांचा जोरदार मारा करायचा, नाहीतर तिला हायड्रोफ्लोरिक आम्लाला खाऊ द्यायचं. दोन्हीत पृष्ठभाग खडबडीत होतो, उजेड वाटेल तसा विखुरतो आणि पलीकडची आकृती विरघळते. माऱ्याची काच स्वस्त असते, पण ती हाताचं तेल धरून ठेवते. भजी खाऊन आलेल्या पोराने दार ढकललं, तर त्या ठशावरून त्याचं वय सांगता येतं. आम्लाची काच मऊसर लागते, ठसे कमी धरते आणि म्हणून भाव खाते.

पण खरी गंमत दुधी काच बसवण्यात आहे. तिची एक बाजू गुळगुळीत असते आणि एक खरखरीत. खरखरीत बाजू शॉवरकडे आली तर पाणी उडताच तिच्यावरचे खड्डे भरतात, आणि तेवढ्या जागी काच पुन्हा शुद्ध पारदर्शक होते. म्हणजे जोवर आत कुणी आंघोळ करत नाही तोवर ती इमानेइतबारे लाज राखते, आणि बादलीत तांब्या बुडाला की साथ सोडते. आमच्या बिल्डिंगमध्ये एका घरी कारागिराने ती अशीच उलटी बसवून दिली. त्या घरात सुट्टीला आलेल्या मामांनी कोरडी काच पाहून निर्धास्तपणे आंघोळ सुरू केली, आणि त्यानंतरची वर्षं ते लॉजवर उतरतात. काच घ्याल तेव्हा गुळगुळीत बाजू पाण्याकडे, एवढं एक वाक्य कारागिराच्या तोंडून दोनदा वदवून घ्या. खरखरीत बाजूवर साधी चिकटपट्टी दाबून बसवली तरी तिथून आरपार दिसतं, ही माहिती मात्र घरातल्या पोरांच्या कानावर पडू देऊ नका.

उजेड हवा पण देखावा नको, ही मागणी काही आजची नाही. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ, चपट्या चकत्या लाकडी चौकटीत ओळीने बसवलेल्या दिसतात. दुपारचं कडक ऊन त्यांतून दुधाळ होऊन आत येतं, आणि रस्त्यावरच्याला आतलं काही दिसत नाही. मासा खायचा आणि त्याच्या शेजाऱ्याची खिडकी करायची, इतका काटकसरीचा गृहप्रकल्प नंतर कुणाला जमलेला नाही. आज तीच चकती घराच्या सजावटीत बसवायची म्हटलं तर आमचं घर सजवणाऱ्या डिझायनर ताई डोळे बारीक करून बजेट विचारतात.

दुधी काचेची थोरली बहीण म्हणजे नक्षीची काच. वितळलेली काच नक्षीदार रुळांमधून काढली की तिच्यावर ठसा उमटतो. बजरी, पिनहेड, डायमंड असे तिचे प्रकार. सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेल्या कुणालाही बजरी काच डोळे मिटून ओळखता येईल. संडासाच्या खिडकीत तिच्या आडव्या पट्ट्या असत. त्या तिरक्या केल्या की हवा यायची. त्यातली एक पट्टी कायम गळालेली असे आणि तिच्या जागी पुठ्ठा असे. पुठ्ठा पावसात भिजून पडला की तिथून कबूतर आत येई, आणि मग घरातल्या कर्त्या माणसाला हातात झाडू घेऊन आपलं कर्तेपण सिद्ध करावं लागे.

त्याच घराण्यातली उभ्या रेषांची काच सध्या ‘फ्लुटेड’ नावाने दिवाणखान्यात परतली आहे. पार्टिशन, कपाटाची दारं, देवघराचा पडदा, जिथे बघावं तिथे ती. तिचा प्रत्येक उभार भिंगाचं काम करतो, त्यामुळे पलीकडून चालणारा माणूस उभ्या पट्ट्यांमध्ये कापलेला दिसतो. डिझायनर ताईंचं म्हणणं, अशा काचेमागे माणूस बारीक दिसतो. आमच्या मेव्हण्याला त्यामागे उभं करून पाहिलं. एकूण रुंदी तेवढीच राहते, फक्त ती हप्त्यांत दिसते. कपाटाला ही काच लावायची असेल तर आधी कपाट आवरा. आतला पसारा तिच्यातून ओळखू येत नाही हे खरं, पण आत पसारा आहे हे ओळखू येतं.

इथवर लपवायच्या काचा झाल्या. दाखवायची काच म्हणजे शोकेसची. सरकत्या दोन काचा, बोट घालायला लांबट खाच, आणि कोपऱ्यात हंसाची कोरलेली जोडी. हे हंस का, याचा शोध लागलेला नाही. काचेवर रबराचा साचा चिकटवून उघड्या भागावर वाळूचा मारा केला की हंस निघतो, आणि त्याच साच्यातून गावातल्या सगळ्या शोकेसांचे हंस निघालेले असतात. आत सासरहून आलेला काचेचा सरबताचा सेट असतो. तो पाहुण्यांसाठी आहे, असं प्रत्येक पाहुण्याला सांगितलं जातं, आणि मग त्याला स्टीलच्या पेल्यातून पाणी दिलं जातं. तो सेट ज्यांच्यासाठी राखून ठेवलाय ते पाहुणे दोन पिढ्यांत फिरकलेले नाहीत.

टेबलावरच्या काचेची गोष्ट न्यारी. मुंबईच्या इराणी हॉटेलांत टेबलाच्या काचेखाली मेनू असायचा, म्हणजे तिथे निदान वाचून काही मिळत होतं. घरच्या काचेखाली डॉक्टरांचं कार्ड, गॅसच्या एजन्सीचा नंबर, विम्याच्या हप्त्याची तारीख, एक विसाव्या शतकातलं पोस्टकार्ड आणि धाकट्याच्या मुंजीचा फोटो. वर्षानुवर्षांच्या दमट हवेने तो फोटो काचेला असा चिकटतो की काच बदलली तर मुंज फाटते. म्हणून टवका गेलेली काच तशीच राहते आणि बटूचं डोकं पुढच्या पिढीपर्यंत टेबलात सुरक्षित राहतं.

रंगीत काचांचा मान सगळ्यात मोठा. युरोपातल्या चर्चमध्ये त्या मध्ययुगापासून आहेत. काच वितळतानाच तिच्यात धातूचे क्षार घालायचे. कोबाल्टने निळी, तांब्याने हिरवी, आणि सोन्याच्या अंशाने माणकाचा लाल रंग. मग तुकडे कापून शिशाच्या पट्ट्यांत जोडायचे. मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये आणि राजाबाई टॉवरखालच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात हे काम पाहायला मिळतं. परीक्षेच्या धास्तीने त्या ग्रंथालयात बसलेल्या कित्येक पिढ्यांनी पुस्तकापेक्षा खिडकीचाच अभ्यास जास्त केला असणार. आपल्या जुन्या घरांतही दाराच्या वरच्या अर्धगोलात लाल, हिरव्या, पिवळ्या काचा असत. दुपारी त्यांचे रंग जमिनीवरून सरकत सरकत वामकुक्षी घेणाऱ्या आजोबांवर येत. आजोबांचं नाक तासभर हिरवं असे, पण त्यांना ते सांगायची कुणाची हिंमत नसे.

नव्वदच्या दशकात ही कला घरोघरी पोचली, ती आमच्या आत्यांमुळे. उन्हाळी सुट्टीत ‘ग्लास पेंटिंग’चे वर्ग निघाले. काळ्या ट्यूबने रेघा, मध्ये रंगांच्या बाटल्या रिकाम्या. प्रत्येक आत्याने एक मोर काढला आणि प्रत्येक भावाच्या घरी तो भिंतीवर टांगला गेला. रंगीत काचेला मागून उजेड लागतो, ही गोष्ट भिंतीवरच्या मोराच्या लक्षात आणून द्यायला कुणी नव्हतं. आता फ्लॅटमध्ये देवघराच्या दाराला रंगीत ॐ असतो. तो बहुतेक वेळा काच नसतोच, काचेवरचा स्टिकर असतो. त्याच्यामागे सूर्य नाही म्हणून 18 वॅटचं पॅनल लावतात. देव आणि भक्त यांच्यामध्ये काच कशाला, असं मी डिझायनर ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “धूर बाहेर येऊ नये म्हणून.” म्हणजे धूप देवाला अर्पण, आणि चिमणीचा पाइप मात्र स्वयंपाकघराला.

या सगळ्या काचांत सगळ्यात बेइमान काच म्हणजे ‘वन वे’. बाल्कनीला निळसर, चमकती परावर्तक काच लावली की आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून आतलं दिसत नाही, असं सांगून ती विकतात. सांगतात ते खरं असतं, फक्त अर्धं सांगतात. तिच्यावर धातूचा अगदी पातळ लेप असतो, आणि तो ज्या बाजूला जास्त उजेड त्या बाजूला आरसा होतो. दिवसा बाहेर उजेड जास्त. पण दिवसा आपण ऑफिसात असतो, पोरं शाळेत असतात. म्हणजे घरात पाहण्यालायक काही नसताना ही काच डोळ्यांत तेल घालून पहारा देते. संध्याकाळी सगळे जमतात, दिवे लागतात, बनियनवर माणूस सोफ्यात बसतो आणि काच फितूर होते. समोरच्या इमारतीला आपला संपूर्ण संसार दिसतो. आपल्याला मात्र त्या काचेत बाहेरचं काही दिसत नाही, आपणच दिसतो, म्हणून आपण निर्धास्त. समोरचे काका एकदा लिफ्टमध्ये सहज म्हणाले, “तुमच्याकडे काल भांडणानंतर जेवायला पिठलं होतं ना?” तळमजल्याच्या अशा काचेपुढे शाळेतली पोरं भांग पाडतात, आणि एखादा बुलबुल प्रतिबिंबाला प्रतिस्पर्धी समजून सकाळभर चोचीने मारामारी करत राहतो. त्या काचेला खऱ्या अर्थाने फसलेला तो आणि तिचा मालक, असे दोघेच.

आरशाकडे वळायचं तर घराण्याचा विषय निघतो. मराठी घरात एखादा तरी जुना आरसा ‘बेल्जियमचा’ असतो. बेल्जियम हा देश नकाशात दाखवता न येणारी माणसंही त्या आरशाच्या जातिवंतपणाबद्दल छातीठोकपणे बोलतात. काचेमागे चांदीचा लेप देण्याची रासायनिक रीत यूस्टस फॉन लीबिश या जर्मन शास्त्रज्ञाने 1835 मध्ये शोधली, आणि आरसा सामान्य माणसाच्या भिंतीवर आला. त्याआधी तो राजेरजवाड्यांचा. व्हर्सायच्या राजवाड्यातल्या आरसेमहालात 357 आरसे आहेत. एवढ्या आरशांत पाहूनही त्या घराण्याला पुढे काय वाढून ठेवलंय ते दिसलं नाही, ही गोष्ट वेगळी. दमट हवा कडेने मागच्या लेपात शिरली की चांदी काळी पडते आणि आरशावर डाग येतात. आमच्या आजीचा असा डागाळलेला आरसा घर नव्याने करताना भंगारवाल्याने चौकटीच्या भावाने नेला. त्याच भिंतीवर ताईंनी ‘अँटिक मिरर’ सुचवला. तो नवा कोरा असतो आणि त्याच्यावर आधीच काळे डाग पाडलेले असतात. डागांचे वेगळे पैसे असतात.

दिव्यांच्या काचांचंही तेच झालं. माणशी एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून 1908 साली तळेगाव दाभाड्यात काच कारखाना निघाला. 1916 मध्ये कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना सुरू झाला, तिथला प्रभाकर कंदील खेडोपाडी पोचला. त्या काळी रोज तिन्हीसांजेला घरातलं एक माणूस कंदिलाची काच पुसायला बसायचं. काजळी निघाली पाहिजे, काच आरसपानी झाली पाहिजे, नाहीतर पोरांना अक्षर दिसायचं नाही. आज त्या पोरांची नातवंडं डायनिंग टेबलावर ‘स्मोक्ड ग्रे’ काचेची झुंबरं टांगतात. काजळी आता कारखान्यातच काचेत घालून मिळते, आणि ती पुसून निघत नाही याची हमी असते. जेवताना ताटात काय आहे ते दिसत नाही, म्हणून मग मोबाइलचा टॉर्च लावतात.

अपारदर्शकतेचं शिखर म्हणजे स्वयंपाकघरातली ‘लॅकर्ड’ काच. काचेच्या मागच्या बाजूला रंग देतात आणि ती ओट्यामागच्या भिंतीला चिकटवतात. टाइल्सच्या सांध्यात हळद-तेल बसतं, इथे सांधाच नाही. ओल्या फडक्याने एकदा फिरवलं की फोडणीचा इतिहास पुसला. ही तिची बाजू रास्त आहे. पण पांढरा रंग घ्यायला गेलात तर शेठ अडवतात. साध्या काचेतून पांढरा हिरवट दिसेल साहेब, एक्स्ट्रा क्लिअर घ्या. म्हणजे मागचा रंग नीट दिसावा म्हणून सगळ्यात पारदर्शक काच विकत घ्यायची, आणि तिच्यामागे रंग फासून तिच्यातून काही दिसू द्यायचं नाही. “मग भिंतीलाच पांढरा ऑइलपेंट दिला तर?” असं मी विचारलं, तेव्हा दुकानात अचानक सगळ्यांना दुसरी कामं आठवली.

आता थोडं जिवावरचं. सजावटीच्या काचांत ‘टफन्ड’ म्हणजे कडक केलेली काच सर्रास असते. साधी काच 600 अंश सेल्सिअसच्या वर तापवून गार हवेच्या झोताने झटकन निववतात. बाहेरचा थर आधी आवळतो, आतला नंतर, आणि दोघांची कायमची ओढाताण होऊन काच चार-पाच पट मजबूत होते. फुटली तर सुरीसारखे तुकडे न होता बोथट खडे होतात. पण एकदा कडक झाली की ती कापता येत नाही, भोक पाडता येत नाही. त्यामुळे ओट्यामागच्या काचेतलं बटणाचं भोक दोन इंच डावीकडे आलं, तर भिंत फोडून बटण दोन इंच डावीकडे न्यावं लागतं. अशा वेळी माप कुणी घेतलं, हा प्रश्न इलेक्ट्रिशियन सुताराला, सुतार काचवाल्याला आणि काचवाला फोनवर कुणा ‘छोटू’ला विचारतो. छोटू तेव्हापासून गावी असतो.

क्वचित अशी काच कुणी हात न लावता मध्यरात्री धाडकन फुटते. आत अडकलेला निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण हळूहळू फुगतो आणि ती सगळी ओढाताण एका क्षणात सुटते. विज्ञान एवढंच आहे. पण त्या रात्री सोसायटीत विज्ञानाला विचारतो कोण? एक काकू नजर लागल्याचं सांगतात, दुसऱ्या म्हणतात इडापिडा टळली, आणि सेक्रेटरी मेंटेनन्सचा विषय काढतात. बाल्कनीच्या कठड्याला म्हणून नुसती टफन्ड नको, लॅमिनेटेड हवी. दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ थर असतो, काच तडकली तरी तुकडे त्याला धरून राहतात. फ्रान्समध्ये एदुआर बेनेदिक्तुस यांच्या हातून 1903 मध्ये एक चंबू पडला आणि आतल्या वाळलेल्या थरामुळे फुटूनही विखुरला नाही, तिथून ही कल्पना निघाली. काच टफन्ड आहे की नाही हे पाहायला कोपऱ्यातला बारीक शिक्का शोधा. नुसतं ‘शेठ म्हणाले’ एवढा पुरावा पुरत नाही.

काच घेतली की ती पुसणं आलं. जुनं आणि उत्तम साधन म्हणजे वर्तमानपत्राचा ओला बोळा. अग्रलेखाचं पान सगळ्यात चांगलं पुसतं, कारण ते वाचून मऊ पडलेलं नसतं. पण आता घरोघरी वर्तमानपत्र व्हॉट्सॲपवर पीडीएफ म्हणून येतं आणि पीडीएफने काच पुसता येत नाही. मराठी पत्रकारितेच्या भवितव्यावरच्या परिसंवादांत हा मुद्दा अजून कुणी मांडलेला नाही.

एवढं सगळं होऊन घर तयार झालं. फ्लुटेड पार्टिशन आलं, परावर्तक बाल्कनी आली, खिडकीला टिंट आली. मग काकांच्या पिठल्याच्या चौकशीनंतर बायको म्हणाली, “सगळ्या काचांना पडदे लावू या.” म्हणून पडदेवाल्याकडे गेलो. जाड, आरपार काही न दिसणारं कापड त्याने स्वस्तातलं म्हणून बाजूला टाकलं आणि वरच्या फळीवरून एक पातळ, झुळझुळीत थान उतरवलं. “हे घ्या वहिनी, शीअर आहे, इंपोर्टेड. जरा महाग आहे, पण बघा, काचेसारखं आरपार दिसतं!”

बायकोने माझ्याकडे न बघताच सहा खिडक्यांचं माप सांगितलं.